हिरवी किनार

"डोळे मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत," सिस्टर म्हणाल्या आणि माझ्या डाव्या डोळ्यात थेंब पडला. आधी गार, मग झोंबणारा.

मी डोळे मिटले. माझ्या दोन्ही बाजूंना, भिंतीला लागून टाकलेल्या लांब बाकांवर, माझ्याच वयाची माणसं बसली होती. सगळ्यांच्या अंगात हिरवे झगे, डोक्याला हिरव्या टोप्या, ज्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्हायची त्याच्या भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा. एकेकाच्या डोळ्यात औषध पडत गेलं तसे सगळे डोळे मिटत गेले. मग त्या खोलीत उरले ते फक्त आवाज. कुणाचा खोकला, कुणाचं नामस्मरण, कुणाच्या बांगड्यांचा बारीक नाद.

"लपंडाव मांडलाय व्हय सिस्टर?" पलीकडून एक जाडाभरडा आवाज आला. "राज्य कुणावर हाय?"

"तुमच्यावरच दौलतअण्णा. आता हाक येईल."

सकाळी नावं नोंदवायच्या रांगेत दौलतअण्णा माझ्यापुढे होते. ते एसटीत ड्रायव्हर होते, हे त्यांनी रांगेतल्या प्रत्येकाला सांगितलं होतं.

"येऊ द्या. दिवं गेलेली गाडी मी घाटातनं खाली उतरिवलीया. ह्यो तर येवढासा डोळा."

बाकावर हसू पसरलं. मला हसता आलं नाही. माझ्या दंडाला पट्टा आवळला जात होता. हवा भरल्याचा आवाज, मग सुटल्याचा आवाज, मग काहीच नाही.

"हुपरीकर काका," सिस्टर म्हणाल्या, "वरचं बीपी दोनशेला टेकलंय की हो. मागच्या शिबिराला थेंब घातल्यावर उठून घरी गेलेले, ते तुम्हीच ना?"

"हो," मी म्हणालो.

"काढला पळ!" दौलतअण्णा म्हणाले. पुन्हा हसू.

"हसू नका हो. त्यांना तो एकच डोळा आहे." सिस्टरांनी आवाज खाली आणला, पण सगळ्यांचे डोळे मिटलेले असले की कुठलाच आवाज लहान राहत नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय ना काका? मोतीबिंदू फार पिकलाय. आत फुटला तर डोळ्यातला दाब चढेल आणि आहे तीही नजर जाईल. मोठे डॉक्टर दुपारी परत जाणार. पुढचं शिबिर दिवाळीनंतर. तोवर हा डोळा थांबायचा नाही."

"समजलं."

"ही गोळी घ्या. थोड्या वेळानं पुन्हा बघते. उतरलं नाही तर मात्र आज आत घेणार नाहीत. शांत बसा. देवाचं नाव घ्या."

त्या गेल्या. त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते आता सांगायला हरकत नाही. रक्तदाब उतरू नये, असं मला वाटत होतं. कुणीतरी बाहेरूनच नाही म्हणावं आणि मी निमूट घरी जावं.

लहानपणी देवी आल्या, त्यात उजव्या डोळ्यात फूल पडलं आणि तो गेला. पुढचं सगळं आयुष्य मी डाव्या डोळ्यावर काढलं. नगर वाचनालयात नोकरी. पुस्तकं द्यायची, घ्यायची, फाटकी शिवायची, आणि उरलेल्या वेळात वाचायची. लग्न केलं नाही. केलं नाही म्हणण्यापेक्षा, विचारायला गेलोच नाही. निवृत्तीनंतर पुतण्याकडे राहत होतो. गेलं वर्षभर वाचन बंद होतं. समोर कुणी हात धरला तर हात आहे एवढं कळायचं, बोटं दिसायची नाहीत. तरी सकाळी खिडकी उजळलेली कळायची. दारात पुतण्या उभा आहे की सूनबाई, ते उंचीवरून कळायचं. शस्त्रक्रिया बिघडली तर हे एवढंही जाणार. आहे ते थोडं जपून ठेवावं, जास्त मागू नये, याच बेतानं मी जगत आलो होतो. पिकणं, फुटणं, दाब चढणं हे सगळं डॉक्टर सांगत होते तेव्हा खरं वाटे. डोळे मिटून बसलो की वाटे, डॉक्टरांचं कदाचित चुकतही असेल.

"दौलत बाबू मुळीक!" आतून हाक आली.

"आलो. तिकीट काडून ठिवा," म्हणत दौलतअण्णा उठले. दार उघडलं, गार वारा आला, दार मिटलं.

सिस्टरही त्यांच्याबरोबर आत गेल्या असाव्यात. मी उठलो. भिंतीला हात लावून निघालो आणि वाट दिसावी म्हणून डोळा उघडला. औषधानं बाहुली पसरली होती. समोर नुसतं दूध सांडलं होतं, आणि त्या दुधाला सुरीसारखी धार होती. पाय एका स्टुलाला लागला. स्टूल कलंडलं.

"आजोबा, कुठं निघालाय?" आयाबाईंनी मला दंडाला धरलं. "लगवीला?"

"हो," मी म्हणालो.

"मगाशीच नेऊन आणलं की. बसा बघू."

त्यांनी मला वळवलं आणि बाकावर बसवलं. बसल्यावर कळलं, ही माझी जागा नव्हे. इथे बिडीचा वास होता. ही दौलतअण्णांची जागा. सांगावं की नाही असा विचार करत होतो, एवढ्यात उजव्या बाजूनं एक हात आला, त्यानं माझा उजवा हात शोधला आणि धरला.

हात बाईचा होता. आतून खरबरीत, वरून मऊ, आणि गरम.

"बसा," एक म्हातारा आवाज हळूच म्हणाला. "उटू नगासा आता."

माझं अंग आकसलं. उजवीकडचं मला डोळा उघडूनही दिसलं नसतं. हिला वाटलं आहे की हिचा नवराच इथे बसला आहे. दौलतअण्णा आत गेल्याचं हिला कळलेलं दिसत नाही. हात सोडवून घ्यावा आणि सांगावं, बाई, मी तो नव्हे. पण मोठ्यानं सांगितलं तर अख्ख्या बाकानं ऐकलं असतं, आणि हळू सांगायचं तर तिच्याकडे झुकावं लागलं असतं. मी दोन्ही केलं नाही.

"आवं," ती म्हणाली.

जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'आवं' म्हटलं की ज्यानं त्यानं ओळखायचं. मी घसा साफ केला. "हं," म्हणालो.

हे पुरतं, हे मला तेव्हा कळलं. नवऱ्यानं एवढंच बोलायचं असतं बहुतेक.

"गार वाजतंय न्हवं? थांबा." कसलासा जाड, जड पदर माझ्या गुडघ्यांवर आला. लोकरीचा. टोचणारा. "घोंगडी आनलीया. ती बया म्हनती आत न्हिऊ नका. आत न्हाई न्हेत म्हनलं, हितं तर ऱ्हाऊ द्या."

घोंगडीला वास होता आणि तो माझ्या ओळखीचा होता. लोकरीचा वास नव्हे, त्याच्या खालचा. चिंचोक्याची खळ. वाचनालयाच्या मागच्या खोलीत पुस्तकं बांधायला आम्ही तीच खळ शिजवायचो. घोंगडीला ताठपणा यायलाही तीच लावतात, हे मला ठाऊक नव्हतं. त्या वासानं मी थोडा सैल झालो. हात मात्र थरथरत होता. तिचा की माझा, ते मला सांगता आलं नसतं. तिचाच असावा, असं मी धरून चाललो. बिचारी घाबरली आहे. हात सोडला तर आणखी घाबरेल. मी धरून राहिलो.

"भ्या वाटतंय न्हवं?" ती म्हणाली.

"हं."

"वाटायचंच. आपल्या डोळ्यात दुसऱ्यानं सुई घालायची म्हंजी." ती म्हणाली, "पर उटून जायाचं न्हाई. मागल्या खेपंला गेलासा. मी काय बोलले न्हाई. बोलाय पायजे हुतं."

म्हणजे दौलतअण्णाही मागच्या खेपेला पळाले होते तर! आणि मला हसत होते. मला जरा बरंच वाटलं.

"त्या दिशी तुमी उटलासा, कोट घातलासा, चला म्हनलासा. मी मागनं आले. बाईमानसानं कशापाई आडवं जायाचं, आसं वाटलं. यष्टीत बसल्यावर तुमचा हात बघितला तर आसा थरथरत हुता. मी म्हनलं, गारठ्यानं आसंल." तिनं माझा हात दाबला. "गारठा न्हवता. वैशाखाचा म्हैना हुता."

बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी रामरक्षा पुटपुटत होतं आणि एका ओळीवर येऊन पुन्हा पुन्हा अडखळत होतं. एरवी मी ती ओळ मनात पुरी करून टाकली असती. पण माझं लक्ष उजव्या हातात होतं.

"आवं, एक सांगू का? रागवायचं न्हाई."

"हं."

"ही घोंगडी. हात फिरवा हितनं." तिनं माझी बोटं उचलली आणि घोंगडीच्या कडेला नेऊन ठेवली. खरखरीत विणीत एक जाड पट्टी लागली, दोरखंडासारखी उठलेली. "किनार. कंची हाय?"

मी काय सांगणार? तिला उत्तर नकोच होतं.

"तुमी म्हनलासा हिरवी घाल. काळ्यावर हिरवी शोभती. मला न्हाई पटलं. मागावर बसल्याव कोन कुनाचं ऐकतंय? तुमास्नी दिसत न्हवतं तवा. मी लाल घातली. आन् तुमी आसा हात फिरवून इचारलंसा, किनार कंची गं घातलीस? मी म्हनलं, हिरवी. तुमी म्हनलासा, झ्याक जमलीया." ती हसली. हसताना तिचा हात हलला आणि माझाही. "समद्यास्नी सांगत सुटलासा, आमच्या घोंगडीची हिरवी किनार बघा म्हनून. येनारी जानारी मानसं माज्या तोंडाकडं बघायची. मी डोळ्यानं खुनावायची, की व्हय म्हना. समदी व्हय म्हनायची. आक्की आळी खोटं बोलायची तुमच्याम्होरं."

मला हसू आलं. एका माणसासाठी सगळी आळी लाल रंगाला हिरवा म्हणते आहे, असं मी कुठल्याही पुस्तकात वाचलं नव्हतं.

"लालच हाय ती," ती म्हणाली. "डोळं आलं की बघा. मग द्या काय शिव्या द्यायच्या त्या. पर बघा. न बघता जाऊ नगासा."

शेवटचं वाक्य ती फार हळू बोलली. मला वाटलं, मी फार मोठी चोरी करतो आहे. हे ऐकायचा हक्क ज्याचा, तो आत टेबलावर झोपला आहे, आणि त्याच्या जागेवर बसून, त्याच्या नावावर, मी हे ऐकतो आहे. तरी हात सोडवेना. बाईच्या हातात हात घालून बसण्याची ही माझी पहिलीच वेळ होती, सत्तरी ओलांडल्यावर. माणसं अशी बसतात तर. चाळीस-पन्नास वर्षं एकमेकांशेजारी बसून, भांडून, खोटं बोलून, शेवटी अशी बसतात. मी ग्रंथपालाच्या टेबलामागून सगळ्या गावाला पुस्तकं वाटली, आणि हे माझ्या वाचनातून निसटून गेलं होतं.

ती पुढे बोलत राहिली, लहानसहान. मेंढ्या कातरायला कुठे जायचे, एकदा ओढ्याला पाणी आलं तेव्हा लोकरीचं ओझं कसं डोक्यावर धरलं. मी 'हं' म्हणत गेलो. आतलं दार उघडून कुणी बाहेर येतं आहे का, तिकडे माझा एक कान होता. दौलतअण्णा बाहेर येतील आणि आपली जागा मागतील. मग काय? पण बाहेर आलेल्यांना दुसऱ्या दारानं नेत असावेत. कुणी आलं नाही.

कधीतरी डाव्या दंडाला पट्टा आवळला गेला. मी दचकलोसुद्धा नाही.

"काका, जागा बदलली होय?" सिस्टर म्हणाल्या. हवा सुटली. "अरे वा. उतरलं की! गोळीनं काम केलं बघा. चला, तुमचाच नंबर."

मी उठलो. तिनं हात लगेच सोडला नाही. अंगठा माझ्या हाताच्या करंगळीकडच्या कडेवरून एकदा वरपासून खालपर्यंत फिरवला, जशी मी किनारीवरून बोटं फिरवली होती.

"जावा," ती म्हणाली. "मी हाय हितंच."

मी गेलो.

आत काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, आणि माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवा असंही मी म्हणणार नाही. तोंडावर कापड, त्याला एक भोक, त्यातून दिवा. दुखलं नाही. कुणीतरी "खाली बघा, हलू नका" म्हणत होतं. मग दिवा वितळला. जुन्या बांधणीच्या पुस्तकांना पुठ्ठ्याच्या आतून एक नक्षीचा कागद लावलेला असे. पाण्यावर रंग सोडून, ते फुंकरीनं हलवून, त्यावर कागद टेकवून उचललेला. नोकरीत असताना दुपारच्या निवांत वेळी मी ते कागद नुसते बघत बसायचो. तोच कागद माझ्या डोळ्यावर पसरला होता. फरक एवढाच की अजून तो कुणी उचलला नव्हता, रंग अजून पाण्यावरच होते आणि फिरत होते. जांभळा पिवळ्यात शिरत होता, आणि त्याच्यातून मासळीसारखा एक निळा निघून जात होता. भीती कुठे गेली ते कळलं नाही. माझा उजवा हात टेबलाच्या कडेला मोकळा पडला होता, तो मी मिटून घेतला. त्यात अजून ऊब होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात खुर्च्या मांडून आम्हाला ओळीनं बसवलं. इथले डॉक्टर एकेकाची पट्टी सोडत येत होते. माझ्यापाशी आले. चिकटपट्टी ओढली, ओल्या कापसानं पापणी पुसली.

"उघडा."

मी उघडला नाही. पुन्हा ती जुनी खोड.

"उघडा आजोबा. काही होत नाही."

मी उघडला. समोर माझा स्वतःचाच हात होता, मांडीवर पडलेला. त्याच्यावर सुरकुत्या होत्या, डाग होते, पांढरे केस होते, नखात घाण होती. प्रत्येक शीर वेगळी दिसत होती. केवढा म्हातारा हात! माझ्याही नकळत तो म्हातारा होऊन बसला होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो. डॉक्टरांनी बोटं धरली. मी मोजली. ते "उत्तम" म्हणून पुढे गेले.

मग मी मान वर केली. व्हरांड्यापलीकडे अंगण, अंगणात कडुलिंब, आणि त्याचं पान न् पान सुटं. वाऱ्यानं झाड हललं तर ते एकदम नाही हललं, एकेक पान आपापलं हललं. मला कुणालातरी सांगावंसं वाटलं. शेजारी बसलेला माणूस आपल्या बायकोच्या तोंडाकडे बघत होता, त्याला कुठे सांगणार.

आणि तेव्हा, समोरच्या बायकांच्या ओळीत, एका म्हातारीच्या मांडीवर मला ती दिसली. काळीभोर घोंगडी. तिच्या कडेनं चार बोटं रुंद पट्टी. लाल. नुसती लाल नव्हे. कुंकवाचा सडा पडावा तशी लाल. रंग एवढा असू शकतो, हे मी विसरून गेलो होतो. मी ती पाहिली आणि पहिला विचार आला तो हा, की ही मी पाहायची नव्हती. ती दुसऱ्या कुणी पाहायची होती. त्यानं पाहिली का?

दौलतअण्णा पुरुषांच्या ओळीच्या टोकाला बसून चहा पीत होते. आवाजावरून ओळखले, माणूस मात्र मी मनात धरला होता त्याच्या निम्मा होता. मी त्यांच्यापाशी गेलो. पूर्ण आयुष्यात मी कुणाशी आपण होऊन बोलायला गेल्याचे प्रसंग फार नाहीत.

"दौलतअण्णा, माफ करा. काल थोडा घोटाळा झाला. तुमच्या जागेवर मला बसवलं, आणि तुमच्या... म्हणजे घरच्या मंडळींना वाटलं की..."

"कुनाच्या मंडळी?"

"तुमच्या. त्या समोर बसल्यात, घोंगडी घेऊन."

दौलतअण्णांनी उघड्या डोळ्यानं तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, येकच डोळा नीट केलाय, पर त्योबी वाकडा बसिवला काय? माझी मंडळी घरी कमरंला तेल चोळत बसलीया. ही बाई कोन न् मी कोन!" आणि आजूबाजूच्यांना, "आवं ऐका, गुरुजी माझं दुसरं लगीन लावत्यात!"

मी तिथून निघालो. कान तापले होते. पण परत खुर्चीकडे जाण्याऐवजी पाय अंगण ओलांडून बायकांच्या ओळीकडे गेले. का, ते मला आजही सांगता येत नाही.

जवळून ती लहानखुरी होती. कपाळ मोकळं. कपाळावर गोंदण होतं, कुंकू नव्हतं. गळ्यात काळी पोत नव्हती. एका डोळ्याला अजून पट्टी होती, डॉक्टर तिच्यापर्यंत पोचायचे होते. दुसरा डोळा दुधाळ होता.

"बाई," मी म्हणालो. "काल मी..."

"बसा की," ती म्हणाली. आवाज तोच. "झालं न्हवं झ्याक?"

"हो. दिसतंय. सगळं दिसतंय." मी घोंगडीकडे पाहिलं. "किनार लाल आहे."

तिनं घोंगडीवरून हात फिरवला. "हाय न्हवं?" म्हणाली, आणि तिचं तोंड असं काही उजळलं की मी खाली बघितलं.

"मला आधीच सांगायला हवं होतं," मी म्हणालो. "तुम्हाला वाटलं, तुमचे यजमान बसलेत. मी बोललो नाही. तुम्ही जे सांगितलंत ते माझ्यासाठी नव्हतं."

"आगं बया!" ती हसायला लागली. हसता हसता पट्टीवर हात धरला. "तुमास्नी वाटलं, मला कळलं न्हाई? आवं, त्यास्नी जाऊन सा वरसं झाली."

मी उभाच होतो. तिनं बाजूची खुर्ची चाचपून दाखवली, मी बसलो.

"आन् त्यांच्या उजव्या हाताला करंगळी न्हवती," ती म्हणाली. "गुऱ्हाळाच्या चरकात गेली, माझ्या लग्नाआधीच. तुमच्या हाताला समदी बोटं. मी पयल्या झूट मोजली."

तिनं अंगठा माझ्या हाताच्या कडेवरून का फिरवला होता, ते मला आत्ता कळलं.

"मग तुम्ही..."

"ती बया मोट्यानं बोलली की. येकच डोळा, मोती पिकलाय, मागल्या खेपंला उटून गेला. मला वाटलं, माझ्या घरातलंच बोलतीया. त्यांचंबी आसंच. येक डोळा मागाचा धोटा लागून गेलेला. दुसऱ्यात मोती. म्हैसाळला शिबिर हुतं, औषीद घातलं, आन् उटलं की हो. मी मागनं गेले. पुढल्या म्हैन्यात मोती आत फुटला." तिनं पोकळीत बोटं उघडली, जसं काही सांडून दाखवावं. "आट वरसं काडली आंधारात. परसाकडंला, देवळाला, कुटंबी जायाचं तर मी म्होरं, त्ये मागं. हात धरून. मग तुमी आलासा भित्तीला हात घाशीत. स्टूल पाडलंसा. आयानं माझ्या बाजूला बसिवलं. हात धरला तर तसाच थरथरत हुता. तसाच."

व्हरांड्यात डॉक्टर कुणालातरी बोटं मोजायला लावत होते.

"जे त्यास्नी बोलाय पायजे हुतं ते बोलले," ती म्हणाली. "कुनाला तरी बोलायचंच हुतं."

"तुम्हाला भीती वाटत नव्हती? तुमचीही शस्त्रक्रिया होती."

"वाटत न्हवती व्हय! रातभर डोळ्याला डोळा लागला न्हवता. पर तुमचा हात धरला आन् माझं ध्येनातच ऱ्हायलं न्हाई. आत नेऊन निजविलं तवा ध्येनात आलं, आगं, आपलाबी डोळा हाय." पुन्हा ती हसली. "तवर उशीर झालाता."

डॉक्टर आले. तिची पट्टी सोडली. ती डोळा किलकिला करून बसली, मग उघडला. आधी तिनं घोंगडीकडे बघितलं. बराच वेळ. मग माझ्याकडे.

"आसं दिसतासा व्हय," ती म्हणाली. "मला वाटलं, जाडजूड आसाल."

नाव तेव्हा विचारलं. कोंडाबाई हिंगमिरे. आटपाडीकडची. दुपारी तिची लेक घ्यायला आली. गेटाबाहेर रिक्षा उभी करून ती औषधं आणायला गेली आणि आईला "ये हळूहळू" म्हणाली. कोंडाबाईंनी घोंगडी खांद्यावर टाकली, पुरुषांच्या ओळीकडे बघून मला मान हलवली, आणि निघाल्या.

त्या व्हरांड्यातून चालल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे पाहत होतो, नव्या डोळ्यानं. उजवा हात चालताना हलत होता, सगळ्यांचा हलतो तसा. डावा हलत नव्हता. तो अंगापासून थोडा दूर, मागच्या बाजूला धरलेला होता. तळवा मागे, बोटं अर्धी मिटलेली. रिकामा हात कुणी असा धरत नाही. पाऊल टाकताना त्या किंचित थबकत होत्या, मागच्याला वेळ देत. त्यांना स्वतःला ते ठाऊक नसावं. सहा वर्षं झाली होती. हात अजून तसाच चालला होता.

त्या सकाळी मी कडुलिंबाचं पान न् पान पाहिलं होतं, ती लाल किनार पाहिली होती. पण डोळा परत कशासाठी मिळाला, असं मला कुणी विचारलं तर मी या हाताकडे बोट दाखवीन.

मी उठलो. भराभर चालत गेलो. आयुष्यात मी कुणामागे असा गेलो नव्हतो. आणि व्हरांडा संपायच्या आत माझा उजवा हात त्या हातात ठेवला.

कोंडाबाईंनी वळून पाहिलं नाही. बोटं मिटली. चाल तशीच राहिली.

"पायरी हाय," त्या म्हणाल्या.

पायरी मला लख्ख दिसत होती. तिची झिजलेली कड, कडेवरची मुंगी, सगळं दिसत होतं.

"हं," मी म्हणालो, आणि जपून पाऊल टाकलं.